सायकलवाला गावातून जाणार, पण थांबणार कुठे?



यवतमाळकडच्या मंडळींशी पर्यटनाच्या धंद्याबद्दल बोलायला लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, आमच्या इकडं पाहाले येईन कोण?" समुद्र नाही, थंड हवेचं ठिकाण नाही. कापूस, तूर, सोयाबीन आणि ऊन. वर्तमानपत्रात जिल्ह्याचं नाव आलं तर बहुतेक वेळा वाईट बातमीसोबतच येतं. मग पोरगं पुण्याची गाडी धरतं आणि घरची चार एकर बटईनं दिली जाते.

आज या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण जरा लांब जाऊ. अमेरिकेतल्या एका कापसाच्या गावात.

कापसाचं गाव, गाण्याचं गाव

मिसिसिपी राज्यात ग्रीनवूड नावाचं गाव आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षाही लहान. चहूबाजूंनी सपाट काळी जमीन आणि कापूस. या पट्ट्याला डेल्टा म्हणतात. ग्रीनवूड एके काळी कापसाच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या शेतकऱ्यांच्या एका कापूस सहकारी संस्थेचं मुख्यालय आजही तिथे आहे.

या कापसाच्या शेतात राबणारे बहुतेक कृष्णवर्णीय. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर. हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि बटईदाराच्या हातात काहीच उरायचं नाही, उलट कर्ज उरायचं. हे वाचताना ओळखीचं वाटलं ना? त्या माणसांनी शेतात, रेल्वे स्टेशनवर, शनिवारी रात्री गुत्त्यावर जे गाणं गायलं त्याला ब्लूज म्हणतात. १९०३ च्या सुमारास टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेल्या डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने एका अनोळखी माणसाला गिटारच्या तारांवर सुरी दाबून गाताना ऐकलं. हा प्रसंग ब्लूजच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेले बी. बी. किंग १९२५ मध्ये ग्रीनवूडजवळच्याच इट्टा बीनाच्या परिसरात जन्मले. तेही तरुणपणी कापूस वेचत आणि ट्रॅक्टर चालवत होते.

आता या ग्रीनवूडमध्ये दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला, ऐन उन्हाळ्यात, सायकलींचा एक कार्यक्रम होतो. नाव 'बाइक्स, ब्लूज अँड बायूज'. बायू म्हणजे तिकडचे संथ वाहणारे ओढे. आयोजक कोण? तिथली व्यापाऱ्यांची संस्था, चेंबर ऑफ कॉमर्स. शेकडो सायकलस्वार येतात, आपल्या दमाप्रमाणे लहान किंवा मोठा टप्पा निवडतात, सकाळी लवकर निघतात, कापसाच्या शेतांमधून आणि ओढ्यांच्या काठाने फिरून येतात. शनिवार-रविवार गावात राहतात, खातात, गाणं ऐकतात.

व्यापाऱ्यांनी सायकलीचा कार्यक्रम का घ्यावा? त्यांना व्यायामाची एवढी आवड आहे? ते दुकानदार आहेत हो. त्यांनी हिशेब केलाय.

सायकलवाला हा कसला ग्राहक असतो?

सोपं गणित बघू. तुमचं गाव रस्त्याच्या कडेने एक किलोमीटर लांब आहे. ताशी ६० च्या वेगाने जाणारी मोटार ते एका मिनिटात पार करते. काच बंद, एसी चालू. तुमच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचून होईपर्यंत गाव संपलेलं असतं.

ताशी १५ ने जाणारा सायकलस्वार तेच गाव चार मिनिटांत पार करतो. त्याला तळणीचा वास येतो. भजनाचा आवाज येतो. ओट्यावरच्या आजीने "कुठले रे बाबा तुम्ही?" असं विचारलेलं ऐकू येतं. आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरवर त्याला थांबावंच लागतं. पाणी हवं, काहीतरी पोटात हवं, सावली हवी आणि स्वच्छ संडास हवा. महिला सायकलस्वार असतील तर शेवटची गोष्ट पहिल्या नंबरवर घ्या.

म्हणजे सायकलस्वार हा असा ग्राहक आहे की ज्याला थांबवायला मोठी जाहिरात लागत नाही. त्याचं शरीरच त्याला थांबवतं. प्रश्न एवढाच की तो तुमच्याकडे थांबेल की पुढच्या पेट्रोल पंपावर?

आणि हे ग्राहक अमेरिकेतूनच आणायचे असं थोडंच आहे? नागपूर, वर्धा, अमरावतीत रविवारी पहाटे सायकली काढणारे लोक आहेत. नागपूर यवतमाळपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, अमरावती आणि वर्धा त्याहून जवळ. लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' नावाच्या फेऱ्या आपल्या देशात नियमित होतात. सगळ्यात लहान टप्पा २०० किलोमीटरचा, तो साडेतेरा तासांत पुरा करायचा. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून नोंद करावी लागते. ते ठिकाण अनेकदा रस्त्यावरचा एखादा साधा ढाबा किंवा चहाची टपरीच असते! त्या टपरीवाल्याकडे त्या दिवशी गिऱ्हाईक आयतं चालून येतं.

आषाढीच्या आधी वेगवेगळ्या शहरांतून सायकलवर पंढरपूरला जाणारे गटही तुम्ही पाहिले असतील. वारीच्या वाटेवरच्या गावांना हे अर्थशास्त्र शेकडो वर्षांपासून माहीत आहे. हळू चालणारा माणूस गावाला धरून चालतो. आणि सोबत गाणं असेल तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

आता कागद-पेन घ्या

मागच्या व्हिडिओत आपण ताळेबिंदूचं गणित शिकलो होतो, म्हणजे ना नफा ना तोटा कधी होतो ते. तेच इथे लावू. आकडे मी उदाहरणासाठी धरतोय, तुम्ही तुमच्या बाजारभावाने बदला.

समजा, ६० सायकलस्वारांच्या नाश्त्याचं काम तुमच्या बचत गटाला मिळालं. तर्री-पोहे, ताक, दोन केळी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, पाणी आणि पत्रावळ. एका माणसामागे माल ६५ रुपयांचा. तुम्ही आयोजकाला दर दिला १२० रुपये. वाटतं, वा! निम्मा नफा!

थांबा. तीन जणींची मजुरी ५०० प्रमाणे १,५०० रुपये. गाडीभाडं ६००. गॅस ४००. मंडप-खुर्च्या ८००. झाले ३,३०० रुपये. हा खर्च ६० लोक आले तरी आहे आणि सहा आले तरी आहे.

एका ताटामागे हातात उरतात १२० वजा ६५, म्हणजे ५५ रुपये. ३,३०० ला ५५ ने भागा. उत्तर ६०. म्हणजे सगळेच्या सगळे ६० आले तर तुम्ही बरोब्बर शून्यावर! चाळीसच आले तर १,१०० रुपये खिशातून गेले.

आता दर १५० करा. ताटामागे ८५ उरतात. ३९ माणसांवर खर्च निघतो आणि ६० आले तर १,८०० रुपये शिल्लक. तीस रुपयांनी सगळं चित्र बदललं. म्हणून दर सांगताना लाजू नका, आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय किराणा भरू नका. पाऊस आला, फेरी रद्द झाली, तर पोहे भिजवलेले तुमचे असतात, आयोजकाचे नसतात.

दुसरी गोष्ट. एका दिवसाच्या १,८०० रुपयांवर कुणाचं घर चालत नाही. तो नाश्ता म्हणजे तुमची ओळख आहे. खरी विक्री मागाहून होते. घरची तूरडाळ, हळद, जवसाची चटणी, सरकी न फुटता हाताने काढलेल्या कापसाच्या वाती. पण इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. सायकलवर पाच किलोची पिशवी कोण नेणार? त्याच्या पाठीवर जागाच नाही! म्हणून चवीसाठी पाव किलोचं पाकीट ठेवा, मोठी मागणी वहीत लिहून घ्या, आणि माल फेरी जिथे संपते तिथे पोहोचवा किंवा कुरिअरने घरी पाठवा. साठातल्या पंधरा घरांनी वर्षाची डाळ तुमच्याकडून घ्यायचं ठरवलं, तर तो धंदा झाला.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती. गावात पंक्चर काढणारा एक भाऊ असतोच. त्याला सांगा, या सायकलींच्या ट्यूबचं तोंड वेगळं असतं, त्याला बसणारा पंप आणि चार मापांच्या ट्यूब आणून ठेव. गुंतवणूक थोडी, पण रस्त्यात अडकलेला माणूस ते दुकान जन्मभर विसरत नाही.

आपल्याकडचं गाणं कोणतं?

ग्रीनवूडवाले फक्त रस्ता दाखवत नाहीत, गाणंही ऐकवतात. मग आपण काय ऐकवायचं? रेकॉर्डवरची सिनेमाची गाणी लावून डीजे आणायचा? त्यासाठी नागपूरचा माणूस इथवर पायडल मारत कशाला येईल?

जरा आपल्याच अंगणात बघा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेल्या या माणसाने खंजिरीवर अख्खा विदर्भ जागा केला आणि आजही कित्येक गावांत गुरुदेव सेवा मंडळं संध्याकाळी प्रार्थनेला बसतात. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवर होळीला बंजारा समाजाची लेंगी रंगते. गोंड, कोलाम वस्त्यांवर दंडार उभी राहते. शरदात पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि खाऊ ओळखायला लावतात. आणि पोळ्याच्या झडत्या! तोरणाखाली बैल उभे करून शेतकरी जे ठणकावून म्हणतो, त्यात सावकार येतो, भाव येतो, पुढारी येतो, बायकोचं टोमणंही येतं. कष्टाचं रडगाणं न करता ते चार लोकांत हसत-टोचत मांडायचं, हीच तर ब्लूजची रीत.

आणि रेल्वेसुद्धा आहे. डेल्टातला कापूस जसा रुळांवरून गेला, तसा वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले. तीच आपली शकुंतला. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे, पण यवतमाळ-दारव्हा पट्ट्यातल्या कुठल्याही आजोबांना विचारा, तासभर गोष्टी सांगतील. कळंबला जमिनीच्या पातळीखाली असलेलं चिंतामणीचं मंदिर आहे. पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्य आहे. १६ तालुक्यांच्या जिल्ह्यात दोन दिवसांची फेरी आखायला एवढं पुरेसं आहे. नवीन काही बांधायचं नाही. आहे ते एका दोरीत ओवायचं.

मोसम मात्र आपला निवडा. नोव्हेंबर ते जानेवारी. पहाटेची थंडी, फुटलेला कापूस, तुरीच्या शेंगा, पुढे हुरडा. मे महिन्यात कुणाला सायकलवर बोलावलंत तर फेरीऐवजी दवाखान्याची सोय करावी लागेल. आणि वाहतुकीचा महामार्ग टाळून गावांना जोडणारे आतले रस्ते घ्या.

दुःख विकायचं नाही

आता जरा गंभीर बोलतो. हा मुद्दा हिशेबाच्या वहीत बसत नाही, पण यावर तुमची अब्रू अवलंबून आहे.

ग्रीनवूडपासून थोड्याच अंतरावर मनी नावाचं खेडं आहे. १९५५ मध्ये तिथून एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पळवून नेऊन मारण्यात आलं. त्या भागात फिरणाऱ्याच्या वाटेत हाही इतिहास येतो. २०२३ मध्ये त्याच्याशी आणि त्याच्या आईशी जोडलेल्या जागांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ती जागा तमाशासाठी नाही. तिथे माणूस टोपी काढून उभा राहतो. त्याच डेल्टात बटईदारांच्या जुन्या झोपड्यांमध्ये पाहुण्यांना राहायला देण्याचा धंदाही चालतो. काहींना तो इतिहास जपणं वाटतो, काहींना गरिबीची मजा घेणं वाटतो.

आपल्याकडेही ही रेघ आहे. यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेल्या एका ताईंच्या हस्ते झालं. अशा घरांतल्या महिलांनी स्वतः उभं राहून सादर केलेलं 'तेरवं' हे नाटक अनेकांनी पाहिलंय. तिथे त्या बायका स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतात. कुणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत नाही. फरक इथेच आहे.

म्हणून तुमच्या फेरीत "आत्महत्याग्रस्त घर बघा" असला थांबा कधीही ठेवू नका. ताईंना काही विकायचं असेल तर त्यांचा माल विका, त्यांचं दुःख नको. पाहुण्यांना आधीच सांगा की विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. लेंगी म्हणजे पाहुण्यांसाठी कधीही लावायचा कार्यक्रम नव्हे, ती तांड्याची गोष्ट आहे. तांड्यातल्या नायकाला, मंडळींना विचारा. ते हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर नमस्कार करून परत या.

आणि कलाकाराला पैसे द्या. "तुमची जाहिरात होईल" हे मानधन नव्हे. समजा दहा जणांच्या भजनी मंडळाला पाच हजार रुपये दिले. साठ सायकलस्वारांत वाटले तर माणशी ८३-८४ रुपये पडतात. ते प्रवेश शुल्कात धरा. शहरातला माणूस सायकलवर हजारो रुपये घालतो, त्याला हे जड नाही.

गावाचं नाव गाण्यात असू द्या

ग्रीनवूडच्या उत्तरेला अ‍ॅव्हलॉन नावाची छोटी वस्ती. तिथला मिसिसिपी जॉन हर्ट हा शेतमजूर फार गोड गिटार वाजवायचा. १९२८ मध्ये त्याची काही गाणी रेकॉर्ड झाली. विक्री फारशी झाली नाही, मंदी आली, तो पुन्हा शेतावर गेला. पुढची पस्तीस वर्षं जगाला तो जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं.

पण एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घातलं होतं. १९६३ मध्ये त्याच्या जुन्या रेकॉर्डचा एक चाहता नकाशात ते नाव शोधत तिथवर पोहोचला, तर हा माणूस तिथेच! त्याच वर्षी त्याने न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर गाणं म्हटलं. त्याच्या हातात वेळ थोडाच उरला होता, १९६६ मध्ये तो गेला. पण आज त्याची गाणी जगभर ऐकली जातात.

उद्योजक म्हणून यातून काय घ्यायचं? तुमच्या डाळीच्या पाकिटावर 'शुद्ध गावरान' असं छापलं तर तशी हजार पाकिटं बाजारात आहेत. गावाचं नाव छापा, तालुका छापा, पिकवणाऱ्या गटाचं नाव छापा. पाहुणा घरी गेल्यावर सहा महिन्यांनी त्याला तुम्हाला शोधायचं असेल, तर तेवढी एक खूण पुरते. आणि पस्तीस वर्षं वाट बघायची नसेल तर फोन नंबरही छापा, बरं का!

कागदपत्रं आणि या आठवड्याचा गृहपाठ

खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. शेतावर पाहुणे ठेवणार असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा. फेरी आयोजित करायची असेल तर पोलीस ठाणं, ग्रामपंचायत आणि जवळचं आरोग्य केंद्र, या तिघांना लेखी कळवल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. सोबत एक मदत गाडी आणि प्रथमोपचार पेटी हवीच.

आणि हा गृहपाठ. येत्या रविवारी पहाटे घरातली जी असेल ती सायकल काढा. आपल्या गावापासून वीस किलोमीटर जा आणि परत या. कुठे तहान लागली, कुठे सावली नव्हती, कुठे कुत्री मागे लागली, कुठे थांबावंसं वाटलं आणि बसायला ओटा मिळाला नाही, हे सगळं वहीत लिहा. जिथे तुम्हाला थांबावंसं वाटलं पण थांबण्यासारखं काही नव्हतं, तिथे खूण करा. तिथली जागा कुणाची आहे, ते सोमवारी जाऊन विचारा.